उथळ पाण्यातली युद्धनौका: २५ नॉट कमी का नाहीत

१८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला ‘आयएनएस अर्नाळा’ नौदलात दाखल झाली. नाव आपल्या वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचं, चिमाजीअप्पांच्या काळात १७३७ मध्ये मराठ्यांनी बांधलेल्या. उथळ पाण्यात पाणबुड्या शोधून मारण्यासाठी अशी एकूण १६ जहाजं बांधली जात आहेत. आठ कोलकात्याच्या जीआरएसई या जहाजबांधणी कंपनीकडे, आठ कोचीन शिपयार्डकडे. कोचीनच्या आठांपैकी पहिली ‘माहे’ २४ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत दाखल झाली. लांबी साधारण ७८ मीटर, वजन हजार टनांच्या आसपास, कमाल वेग २५ नॉट.

हा २५ चा आकडा अनेकांना खटकतो. २५ नॉट म्हणजे ताशी ४६ किलोमीटर. अमेरिकेने याच उथळ पाण्यासाठी बांधलेली ‘लिटोरल कॉम्बॅट शिप’ ४० नॉटच्या वर पळते. मग आपलं जहाज मागासलेलं आहे का? मुळीच नाही. या जहाजाच्या आराखड्यातला हा सगळ्यात शहाणा निर्णय आहे. तो कसा, हे कळायला आधी पाणी समजून घ्यावं लागतं.

किनाऱ्याजवळ म्हणजे किती जवळ?

नकाशावर ‘किनाऱ्याजवळ’ म्हटलं की दोन-चार किलोमीटर डोळ्यांसमोर येतात. महाराष्ट्राच्या बाबतीत ते चूक आहे. मुंबईसमोर समुद्राखालचा पठारी उतार जवळपास ३०० किलोमीटर आत जातो. बॉम्बे हायचे तेलाचे फलाट किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटरवर आहेत आणि तिथे पाणी अवघं ७५ मीटरच्या आसपास. थोडक्यात, आपली बंदरं, तेलविहिरी, मासेमारी आणि व्यापारी जहाजांचे मार्ग, सगळं या उथळ पट्ट्यातच आहे. शत्रूची छोटी पाणबुडी किंवा सागरी सुरुंगही इथेच येणार. मोठी विनाशिका इथे अडखळते, आणि एका बंदराच्या तोंडाशी अडकवून ठेवायला ती फार महागही पडते.

९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आपली ‘खुकरी’ युद्धनौका पाकिस्तानी ‘हंगोर’ पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. किनाऱ्यालगत पाणबुडी शोधणं किती अवघड आणि किती गरजेचं, हे आपल्या नौदलाला त्या दिवसापासून कोणी सांगावं लागलेलं नाही.

वेगाची किंमत

जहाज चालतं तेव्हा स्वतःची एक लाट तयार करतं. वेग वाढला की या लाटेची लांबी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १४ नॉटला ती साधारण ३३ मीटर असते. २१ नॉटच्या थोडं पुढे ती ७७ मीटर होते, म्हणजे अर्नाळाच्या लांबीएवढी. त्यापुढे जहाजाची मागची बाजू लाटेच्या खळग्यात बसते, पुढची उचलली जाते आणि जहाज स्वतःच्याच लाटेवर चढ चढायला लागतं. इथून पुढे प्रत्येक नॉटसाठी लागणारी ताकद वेड्यासारखी वाढते. ढोबळ हिशेबाने ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १४ वरून २५ नॉटला जायला सुमारे पावणेसहा पट ताकद लागते आणि २५ वरून ४० ला जायला आणखी चौपट.

हे झालं खोल पाण्यातलं. उथळ पाण्यात तळ मध्ये येतो. लाट एका ठरावीक वेगापेक्षा जोरात धावू शकत नाही आणि हा वेग फक्त पाण्याच्या खोलीवर ठरतो: गुरुत्वाकर्षण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ. १० मीटर पाण्यात तो १९ नॉट येतो, २० मीटरमध्ये २७, ४० मीटरमध्ये ३८. जहाजाचा वेग या आकड्याच्या जवळ गेला की लाट पुढे निसटू शकत नाही, नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, साचते आणि विरोध एकदम उसळतो. २५ नॉटला ही अडचण १७ मीटर पाण्यात शिखरावर असते, पण तिची चाहूल ३५ मीटरपासूनच लागते. ४० नॉटच्या जहाजासाठी शिखर ४३ मीटरवर असतं. म्हणजे ज्या पाण्यासाठी ते बांधलं, त्यातल्या बऱ्याच भागात त्याचा वेग तळच खाऊन टाकतो. या टप्प्याच्या पलीकडे विरोध पुन्हा कमी होतो आणि छोट्या वेगवान बोटी त्याचा फायदा घेतात. हजार टनांच्या जहाजाला मात्र तो डोंगर ओलांडण्यापुरती प्रचंड इंजिनं वर्षभर पोटात वागवावी लागतात.

दुसरा परिणाम जास्त धोकादायक आहे. तळ जवळ असला की जहाजाखालून जाणारं पाणी चिंचोळ्या जागेतून जोरात वाहतं, दाब घटतो आणि जहाज खाली बसतं. याला ‘स्क्वॉट’ म्हणतात. अगदी उथळ पाण्यासाठी व्यापारी जहाजांवर वापरलं जाणारं ढोबळ सूत्र असं: हलचा, म्हणजे जहाजाच्या मुख्य सांगाड्याचा, भरीवपणा (बुडलेला भाग त्याच्याभोवतीच्या चौकोनी ठोकळ्याचा किती हिस्सा भरतो) गुणिले नॉटमधल्या वेगाचा वर्ग, भागिले १००. भरीवपणा ०.५ धरला तर १० नॉटला जहाज अर्धा मीटर खाली बसतं, ५ नॉटला जेमतेम १२ सेंटीमीटर. वेग निम्मा केला की बसणं पाव होतं. अर्नाळाचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडलेला भाग, २.७ मीटर आहे. त्यात हा अर्धा मीटर धरा, लाटेने होणारी वरखाली धरा, मुंबईसारख्या ठिकाणी भरती-ओहोटीतला चार-पाच मीटरचा फरक धरा. मग खाडीच्या तोंडाशी कप्तान वेग का उतरवतो ते कळतं.

वेग मुळात निरुपयोगी आहे, असं मात्र नाही. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर गेलेल्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौका वेगवानच होत्या. त्यांचं काम एका रात्रीचं: जा, मारा, परत या. त्यांचा पल्ला एवढा तुटपुंजा होता की वाटेत मोठ्या जहाजांनी त्यांना ओढत नेलं. पाणबुडी शोधणारं जहाज उलट दिवसचे दिवस एकाच पट्ट्यात संथपणे फिरतं. २५ नॉटवर त्याचा सोनार, म्हणजे पाण्यातला आवाज टिपून पाणबुडी शोधणारं यंत्र, स्वतःच्याच खळखळाटात बहिरा होतो.

पंखा नाही, जेट

दाखल झाली तेव्हा अर्नाळा ही डिझेल इंजिन आणि वॉटरजेट या जोडीवर चालणारी नौदलाची सगळ्यात मोठी युद्धनौका होती. वॉटरजेटमध्ये तळाच्या तोंडातून पाणी आत ओढलं जातं, नळीतला इम्पेलर (पात्यांचं फिरतं चाक) त्याला ढकलतो, मागची स्थिर पाती पाण्याचा पीळ काढतात आणि अरुंद तोंडातून झोत मागे फेकला जातो. झोताचं तोंड डावी-उजवीकडे फिरवलं की जहाज वळतं. झोतासमोर ‘बकेट’ खाली पाडलं की तोच झोत पुढे वळतो आणि जहाज थांबतं किंवा मागे जातं. वेगळं सुकाणू लागत नाही.

उथळ पाण्यात याचा मोठा फायदा म्हणजे तळाखाली लोंबणारं काही नसतं. प्रोपेलर असता तर त्याची पाती आणि शाफ्ट हलच्या खाली गेले असते, ड्राफ्ट वाढला असता, गाळात पाती वाकली असती. शिवाय इम्पेलर नळीत बंदिस्त असल्याने पाण्यात बुडबुडे फुटण्याचा आवाज जास्त वेगापर्यंत लांबवता येतो. तोटा असा की कमी वेगात जेटची कार्यक्षमता प्रोपेलरपेक्षा कमी असते. झोताचा वेग आणि जहाजाचा वेग यांच्यात जितकी जास्त तफावत, तितकी ऊर्जा वाया.

बिघाड कुठे होतो? कोकणच्या किनाऱ्यावर पहिलं उत्तर आहे जाळं. तुटलेल्या मासेमारी जाळ्याचा नायलॉन दोर तोंडाच्या जाळीतून आत गेला की इम्पेलरभोवती गुंडाळतो, कंपनं सुरू होतात, इंजिनवर भार चढतो. दुसरं वाळू: गाळमिश्रित पाणी पात्यांची कड झिजवतं, पाती आणि नळी यांच्यातली फट वाढते आणि जोर घटतो. जेट उलटं धुवून कचरा काढता येतो, नाही तर तपासणीच्या झाकणातून हात घालावा लागतो. ते झाकण पाण्याच्या पातळीच्या वर आणि माणसाच्या हाताला पोहोचेल असं ठेवणं हे आराखडा करणाऱ्याचं काम आहे. कागदावर क्षुल्लक वाटतं. समुद्रात त्यावर मोहीम अवलंबून असते.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचंही तेच. समुद्राचं पाणी ‘सी चेस्ट’ नावाच्या कप्प्यातून आत येतं. शहाण्या आराखड्यात असे दोन कप्पे असतात: एक तळाशी, दुसरा बाजूला उंचावर. खोल पाण्यात तळाचा वापरतात, कारण जहाज डोललं तरी तो हवा ओढत नाही. खाडीत शिरताना वरचा, कारण तळाचा चिखल ओढतो. पुढे जोडीने बसवलेले गाळणे असतात. एक चालू, दुसरा साफ करून तयार. जेलीफिश किंवा प्लास्टिकच्या पिशव्यांनी चालू गाळणं भरत गेलं की त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वाढतो. ड्युटीवरच्या माणसाने तो काटा पाहून झडप फिरवून दुसरं गाळणं लावायचं, पहिल्याचं झाकण खोलून टोपली धुवायची. हे वेळेत झालं नाही तर इंजिनाचं पाणी तापतं, अलार्म वाजतो आणि इंजिन स्वतःहून वेग उतरवतं. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’त १९४५ पासून नौदलाचे इंजिनिअर आणि तंत्रज्ञ घडतात, ते अशाच कामांसाठी.

ऐकू का येत नाही

पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो. खोल समुद्रात त्याला मोकळी वाट असते. उथळ पाण्यात तो तळावर आपटतो, पृष्ठभागावर आपटतो, पुन्हा तळावर. प्रत्येक आपटीला थोडा विखुरतो. बुडालेल्या नौका, खडक, माशांचे थवे, सगळेच प्रतिध्वनी देतात. त्यात डझनावारी मासेमारी बोटींची इंजिनं. दिवाळीच्या आदल्या दिवशी तुळशीबागेत एका माणसाची कुजबुज ओळखायची, तसं हे काम आहे.

त्यातही तापमान घोळ घालतं. पाणी एका अंशाने गरम झालं की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे अडीच-तीन मीटरने वाढतो आणि आवाज नेहमी कमी वेगाच्या थराकडे वाकतो. दुपारी वरचं पाणी तापलं की बुडाला बसवलेल्या सोनारचा आवाज खाली वाकून तळात जिरतो. थोड्या अंतरावर एक ‘सावली’ तयार होते आणि पाणबुडी तिथे निवांत बसू शकते. सकाळी ऐकू येणारं दुपारी येत नाही ते यामुळे. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी वर पसरतं आणि खारेपणाचाही थर तयार होतो.

म्हणून या जहाजांवर दोन सोनार आहेत. एक हलला बसवलेला, दुसरा दोराने पाण्यात सोडायचा कमी वारंवारतेचा. दुसरा थराखाली उतरवून तिथून ऐकता येतं. आधी बॅथीथर्मोग्राफ टाकून खोलीनुसार तापमान मोजायचं, थर कुठे आहे ते काढायचं, मग सोनार किती खोल सोडायचा ते ठरवायचं. वजन, विंच आणि मागच्या डेकवरची जागा हा सोनारच खातो. समुद्र खवळलेला असताना तो सोडणं-उचलणं हे सगळ्यात नाजूक काम. मागची बाजू जोरात वरखाली होत असेल तर दोराला झटके बसतात. म्हणून हलचा आकार ठरवताना कमाल वेगाइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, लक्ष डोलण्यावर द्यावं लागतं. नाटोच्या प्रचलित मर्यादेप्रमाणे सरासरी डोलणं ४ अंशांच्या, पुढे-मागे झुकणं दीड अंशाच्या आणि उभा हेलकावा गुरुत्वाकर्षणाच्या एक पंचमांशाच्या आत असावा, तरच माणसं नीट काम करू शकतात. याची तपासणी मॉडेलवर होते. विशाखापट्टणमच्या एनएसटीएल प्रयोगशाळेत त्यासाठी ५०० मीटर लांबीचं ओढ-टाकं आहे आणि लाटा तयार करणारं वेगळं तळंही.

शत्रू किनाऱ्यावर असेल तर

पाण्यालगत ४ मीटर उंचीवरून येणारं क्षेपणास्त्र १६ मीटर उंचीच्या रडारला क्षितिजावर साधारण २५ किलोमीटरवर दिसतं. ध्वनीपेक्षा थोडं हळू, सेकंदाला ३०० मीटरने आलं तर हातात ८० सेकंद. तेच १० किलोमीटरवरच्या किनाऱ्यावरून, डोंगराच्या आडोशाने सुटलं तर ३३ सेकंद, तेही रडारवर जमिनीचा गोंधळ असताना. १४ जुलै २००६ ला लेबनॉनसमोर इस्रायलच्या ‘हनित’ या आधुनिक कॉर्व्हेटला (छोट्या युद्धनौकेला) किनाऱ्यावरून सुटलेलं क्षेपणास्त्र लागलं आणि चार नौसैनिक मेले. जहाजावर क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा होती, पण ती चालू केलेली नव्हती. अशा माऱ्यात ४० नॉट कामाला येत नाहीत. ८० सेकंदांत ४० नॉटचं जहाज जेमतेम १.६ किलोमीटर जातं.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेची कल्पना आकर्षक होती. वेगवान जहाज बांधायचं आणि शस्त्रं पेट्यांसारखी बदलायची: आज सुरुंगविरोधी, उद्या पाणबुडीविरोधी. डेन्मार्कने ‘स्टॅनफ्लेक्स’ पेट्यांनी हे १९८० च्या दशकातच लहान प्रमाणात केलं होतं. अमेरिकेने त्याला ४० नॉटची जोड दिली आणि तिथेच गाडं अडलं.

‘फ्रीडम’ वर्गाच्या ११५ मीटरच्या जहाजात दोन गॅस टर्बाइन, प्रत्येकी ३६ मेगावॉट, आणि दोन डिझेल. दोन्ही टर्बाइन पूर्ण जोरात चालली तर तासाला १५ टनांच्या आसपास इंधन जातं. टर्बाइन आणि डिझेलची ताकद एकत्र करायला ‘कम्बाइनिंग गिअर’ लागतो, आणि खरा घात त्याने केला. डिसेंबर २०१५ मध्ये ‘मिलवॉकी’ दाखल होऊन महिनाही झाला नव्हता. टर्बाइनवरून डिझेलवर जाताना क्लच सुटला नाही, तेलाच्या फिल्टरमध्ये धातूचा चुरा सापडला आणि जहाज ओढून आणावं लागलं. पुढच्याच महिन्यात सिंगापूरला ‘फोर्ट वर्थ’चे गिअर पुरेसं वंगण नसताना फिरवले गेले. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्तीचा उपाय मिळेपर्यंत नौदलाने या वर्गाची नवी जहाजं ताब्यात घेणंच थांबवलं.

दुसरा वर्ग ‘इंडिपेंडन्स’, अॅल्युमिनियमचा तीन हलचा. स्टीलच्या एक तृतीयांश वजनाचा धातू, वेगासाठी उत्तम. पण अॅल्युमिनियम आणि वेगळा धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की बॅटरी तयार होते आणि अॅल्युमिनियम विरघळतं. या वर्गाच्या पहिल्याच जहाजात वॉटरजेटच्या भागात हे २०११ मध्ये उघड झालं, कारण तिथे कॅथोडिक संरक्षण, म्हणजे धातू विरघळू न देणारी विद्युत सोय, बसवलेलं नव्हतं. नंतर काही जहाजांच्या हलला तडे गेल्याचंही समोर आलं. अॅल्युमिनियम आगीतही लवकर हार मानतं. २०० अंशांच्या आसपासच त्याची ताकद ढासळते, म्हणून भिंतींना उष्णतारोधक अस्तर लावावं लागतं आणि वाचवलेल्या वजनातलं काही तिथे परत जातं.

पेट्या बदलण्याची कल्पना २०१६ मध्ये बाजूला पडली: एका जहाजाला एकच काम. पाणबुडीविरोधी संच तर पुढे रद्दच झाला. दोन्ही वर्गांची पहिली जहाजं २०२१ मध्ये निवृत्त झाली, जेमतेम ११ ते १३ वर्षांची सेवा करून. बदलणाऱ्या पेटीबरोबर ती चालवणारी माणसं, त्यांचा सराव, सुटे भाग आणि बंदरावरची क्रेनही बदलावी लागते. हा हिशेब आराखड्यात पुरेसा धरलेला नव्हता.

आपल्याकडेही सगळं वेळेवर झालं असं नाही. एप्रिल २०१९ च्या करारानुसार पहिलं जहाज ४२ महिन्यांत, म्हणजे ऑक्टोबर २०२२ पर्यंत यायचं होतं. अर्नाळा मे २०२५ मध्ये ताब्यात आली. पण जे आलं ते एका कामासाठी बांधलेलं, गॅस टर्बाइन आणि ते गुंतागुंतीचे गिअर नसलेलं जहाज आहे.

पुण्यात काय चाललंय

समुद्र घाटापलीकडे असला तरी या जहाजांचे बरेच धागे पुण्यात येतात. पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने एचईएमआरएल आणि एनएसटीएल या प्रयोगशाळांबरोबर लांब पल्ल्याचं पाणबुडीविरोधी रॉकेट विकसित केलं. २३ जून ते ७ जुलै २०२५ दरम्यान ‘आयएनएस कवरत्ती’वरून त्याच्या चाचण्या झाल्या. त्यात दोन मोटर आहेत, त्यामुळे एकाच लाँचरमधून जवळचं आणि लांबचं लक्ष्य गाठता येतं. खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएस या जलसंशोधन संस्थेत बंदरांची मॉडेल बांधून लाटा आणि गाळाचा अभ्यास होतो. जहाज कुठे आणि किती खोल पाण्यात लागेल, हा प्रश्न शेवटी तिथल्यासारख्याच मोजमापांवर येऊन ठेपतो.

सगळ्यात महत्त्वाचा धागा इंजिनाचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये नौदलाने पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला ६ मेगावॉटचं मध्यम गतीचं सागरी डिझेल इंजिन विकसित करण्याचं काम दिलं. खर्च २७० कोटी, त्यातला ७० टक्के सरकारचा. ३ ते १० मेगावॉटपर्यंतच्या इंजिनांचा तपशीलवार आराखडाही याच कामात आहे. ६ मेगावॉट म्हणजे ८ हजार अश्वशक्ती. एवढ्या ताकदीच्या सागरी इंजिनांसाठी आपण आजवर मुख्यतः परदेशांवर अवलंबून राहिलो आहोत.

टेहळणीच्या जहाजात अशा इंजिनाची खरी परीक्षा पूर्ण वेगात होत नाही. तासन्‌तास २०-३० टक्के भारावर चाललं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, इंधन अर्धवट जळतं, इंजेक्टर आणि एक्झॉस्टमध्ये काजळी बसते, लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या अस्तरावर) चकाकी चढते आणि तेल जळायला लागतं. म्हणून ठरावीक तासांनी इंजिन थोडा वेळ जास्त भारावर चालवून काजळी जाळून टाकावी लागते, आणि पाणबुडी शोधत असताना तो गोंगाट परवडत नाही. पुण्यातलं इंजिन चाचणीच्या बाकावर चढेल तेव्हा कमाल अश्वशक्तीच्या आकड्याआधी कमी भारावरच्या या लांब चाचण्यांचे निकाल पाहायला हवेत.